खिशातला ई-रीडर, तोही सिमकार्डाविना: मराठवाड्यातल्या वाचकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या गावी वाचनालयाचं काम बघते, त्यामुळे पुस्तक बदलायला आलेली माणसं ई-रीडरबद्दल, म्हणजे ई-पुस्तकं वाचायला बनवलेल्या छोट्या यंत्राबद्दल, प्रश्न विचारतच असतात. कुणी जाहिरात पाहिलेली असते, कुणाला पुण्यातल्या भाच्याने सुचवलेलं असतं. उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवावीत असं वाटलं. माझं मत आधीच सांगते: सिम नाही म्हणून अडून बसू नका. तुमची मराठी त्या पडद्यावर नीट उमटते का आणि तुम्हाला हवी ती पुस्तकं त्यात येतात का, एवढ्या दोन गोष्टींवर घ्यायचं की नाही ते ठरवा.

खिशात मावणारा म्हणजे नेमका केवढा?

ॲमेझॉनचा नेहमीचा सहा इंची किंडल साधारण १६ सेंटिमीटर लांब, ११ सेंटिमीटर रुंद आणि १५८ ग्रॅम वजनाचा असतो. नेहरू शर्टाच्या बाजूच्या खिशात तो निवांत बसतो. साध्या शर्टाच्या वरच्या खिशात ओढूनताणून जातो आणि वर डोकं काढतो. ऑनिक्स कंपनीचा बूक्स पाल्मा मोबाइलसारखा उभट असतो, पडदा सहा इंचांहून किंचित मोठा. त्याहून लहान हवा असेल तर एक्सटिंक एक्स-४ आहे, ४.३ इंचांचा, जेमतेम ७४ ग्रॅमचा. किंडलचाच सात इंचांचा पेपरव्हाइट मात्र पिशवीत टाकायचा, खिशात नाही.

सिम नाही, मग पुस्तक येतं कुठून?

वायफायने, केबलने किंवा काहींमध्ये मेमरी कार्डाने. नुसत्या मजकुराची कादंबरी बहुतेकदा एक-दोन एमबीच्या आत असते. तुमचा मोबाइल एका छोट्या व्हिडिओला याहून जास्त डेटा खातो. आठवड्यातून एकदा मोबाइलचा हॉटस्पॉट सुरू करायचा, हवी ती पुस्तकं उतरवून घ्यायची आणि हॉटस्पॉट बंद करायचा. एकदा उतरलेलं पुस्तक रीडरमध्येच राहतं, पुढे नेट लागत नाही.

इथे एक अडचण हमखास येते. हॉटस्पॉट सुरू असतो, पण रीडरला तो दिसतच नाही. बरेच छोटे आणि जुने रीडर फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय पकडतात आणि नवे मोबाइल ५ गिगाहर्ट्झवर हॉटस्पॉट देतात. मोबाइलच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये बँड बदलला की काम होतं. रेल्वे स्टेशनच्या वायफायच्या भरवशावर राहू नका. तिथे मोबाइल नंबर आणि ओटीपी टाकायचं पान उघडावं लागतं, ते या पडद्यांवर फार कटकटीचं होतं, काहींत उघडतच नाही.

पण आमच्याकडं रेंजच येते-जाते. सिम असलेला घेतला तर बरं नाही का?

रेंज येते-जाते म्हणूनच सिम नको. मांजरसुंब्याचा घाट उतरताना किंवा बालाघाटाच्या कुशीतल्या एखाद्या वाडीवर मोबाइलला टॉवर सापडत नाही, तिथे रीडरला तरी कुठून सापडणार? उलट टॉवर शोधत बसलेला रेडिओ बॅटरी खात राहतो. पुस्तक आधीच उतरवलेलं असेल तर घाटात काय आणि देवगिरी एक्स्प्रेसमध्ये रात्री काय, काही फरक पडत नाही.

मोबाइल नेटवर्कवाले रीडर होऊन गेले आहेत. २००७ साली अमेरिकेत आलेल्या पहिल्या किंडलमध्ये मोबाइल नेटवर्क होतं, वायफाय नव्हतंच. पुढे तिथल्या कंपन्यांनी थ्री-जी बंद केलं, तेव्हा त्या पिढीचे रीडर पडदा, बॅटरी धड असूनही दुकानाशी जोडायचे बंद झाले. पुस्तक वाचायचं यंत्र दहा वर्षं सहज चालतं. मोबाइलचं नेटवर्क त्याच्याआधी म्हातारं होतं. सध्या पाल्माच्या नव्या प्रो प्रकारात मोबाइल डेटा घेता येतो, पण तो जास्तीचा खर्च मला पटत नाही.

खिशात मोबाइल आहेच. त्यातच वाचलं तर?

वाचा की! वाचण्याला कुठलंच साधन वर्ज्य नाही. घरात जुना मोबाइल पडून असेल तर त्यातलं सिम काढा, फ्लाइट मोड लावा, रीडएरासारखं एखादं मोफत वाचनाचं ॲप ठेवा आणि महिनाभर तेवढ्यावर वाचून बघा. महिन्यात एकही पुस्तक पुरं झालं नाही, तर नवं यंत्र घेऊन ते होईल अशी आशा धरू नका.

तरीही फरक मोठा आहे आणि तो पडद्याचा आहे. या रीडरचा पडदा ई-इंकचा असतो, त्यात अतिसूक्ष्म कुप्या असतात. त्यांत विद्युतभार असलेले काळे आणि पांढरे कण. वीज दिली की पांढरे वर येतात किंवा काळे, आणि वीज काढली तरी तिथेच थांबतात. म्हणून पान बदलतानाच वीज लागते, पान धरून ठेवायला लागत नाही. हा पडदा कागदासारखा बाहेरच्या उजेडावर दिसतो. आपल्याकडच्या चैत्रातल्या उन्हात, बसथांब्यावर, मोबाइलचा पडदा काळा आरसा होतो. ई-इंकवर ऊन जेवढं लख्ख, तेवढी अक्षरं ठळक.

दुसरी गोष्ट मला त्याहून मोलाची वाटते. मोबाइलवर वाचताना गावाच्या ग्रुपचा मेसेज वर येतो, सोयाबीनचा भाव बघावासा वाटतो, कुणाचा तरी फोन येतो. परभणी ते छत्रपती संभाजीनगर एवढा प्रवास झाला तरी आपण त्याच पानावर. सिम नसलेल्या रीडरला कुणी हाक मारू शकत नाही. पुस्तकात बुडून जाण्याची सवय ज्यांची सुटत चालली आहे आणि ज्यांना ती परत हवी आहे, त्यांच्यासाठी हे यंत्र मी मनापासून सुचवते.

मराठी नीट दिसतं का?

हाच प्रश्न न विचारता लोक पैसे घालवतात, म्हणून जरा सविस्तर.

इंग्रजीत अक्षराशेजारी अक्षर ठेवलं की शब्द झाला. देवनागरीत तसं चालत नाही. पहिली वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते पण लिहिताना आधी, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो, जोडाक्षरात दोन-तीन व्यंजनं एकमेकांत मिसळतात. ही जुळणी करणारा सॉफ्टवेअरचा भाग यंत्रात असावा लागतो. किंडलमध्ये तो आहे. ॲमेझॉनने २०१६ च्या शेवटी मराठीसह पाच भारतीय भाषांतली पुस्तकं भारतात विकायला सुरुवात केली, तेव्हापासून किंडलवर मराठी व्यवस्थित वाचता येतं. अँड्रॉइडवर चालणाऱ्या पाल्मासारख्या रीडरमध्येही अडचण नाही. कोबो आणि पॉकेटबुक या दुसऱ्या कंपन्यांच्या रीडरवर कोरीडर हे मोफत सॉफ्टवेअर टाकता येतं, त्यातही जोडाक्षरं बरोबर जुळतात.

जपायचं ते अगदी छोट्या, स्वस्त यंत्रांपासून. एक्सटिंकसारख्या रीडरमध्ये मोबाइलचा प्रोसेसर नसतो, अगदी लहान चिप असते. अशा यंत्रांत देवनागरीचा फाँट टाकला तरी जुळणी होईलच याची खात्री धरता येत नाही. जुळणी नसेल तर हलंत वेगळे दिसतात, वेलांटी भलत्याच अक्षराला लागते आणि दोन पानांत डोळे थकतात. इंग्रजी वाचणाऱ्याने केलेलं कौतुक इथे उपयोगाचं नाही.

घेण्याआधी एक साधी फाइल करा, त्यात ही ओळ टाका आणि विक्रेत्याला किंवा ज्याच्याकडे ते यंत्र आहे त्याला उघडून फोटो पाठवायला सांगा: «दुसऱ्या वाऱ्यात, उद्ध्वस्त, ज्ञान, क्षत्रिय, शृंगार, वाङ्मय, ॲडमिशन, ऑफिस.» यातल्या दोन जागा मुद्दाम बघा. «वाऱ्या»मधला अर्धा र चंद्रकोरीसारखा दिसला पाहिजे, कारण हा मराठीचा खास र आहे आणि हिंदीपुरत्या बनवलेल्या फाँटमध्ये तो बिघडतो. आणि «ॲ»च्या जागी रिकामा चौकोन आला तर फाँट जुना समजा. हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे २००८ साली आलं, त्याआधीच्या फाँटमध्ये ते नाही. फाँट बदलता येत असेल तर मुक्ता किंवा नोटो टाका, दोन्ही मोफत आहेत.

आणखी एक. देवनागरीला वर मात्रा आणि खाली उकार असल्याने इंग्रजीपेक्षा अक्षर मोठं आणि ओळींमधलं अंतर जास्त ठेवावं लागतं. ४.३ इंचांच्या पडद्यावर मग ओळीत मोजके शब्द बसतात. दोन्ही कडा सरळ ठेवायचा पर्याय बंद करा, नाहीतर शब्दांमध्ये मोठाली भगदाडं पडतात. माझ्या मते मराठीसाठी सहा इंच हेच सगळ्यांत लहान सोयीचं माप आहे.

मराठी पुस्तकं मिळतात का पुरेशी?

मिळतात, पण विखुरलेली. किंडलच्या दुकानात मराठी पुस्तकं बरीच आहेत, तरी तुमच्या आवडत्या प्रकाशकाची असतीलच असं नाही. यंत्र मागवण्याआधी मोबाइलवर ते दुकान उघडा आणि मनातल्या दहा पुस्तकांची नावं शोधा. ग्रामीण कथा, कविता, जुने समीक्षाग्रंथ यांत निराशा होऊ शकते. मराठवाड्यातल्या छोट्या प्रकाशकांची चांगली पुस्तकं अजून कागदावरच आहेत, ती घ्यायला परभणीच्या किंवा नांदेडच्या दुकानातच जावं लागतं. याचं मला वाईट वाटतं आणि त्या प्रकाशकांनी ई-पब फाइली (अक्षर मोठं केलं की ओळी पडद्याप्रमाणे बसतात अशा) कराव्यात असं त्यांना भेटेल तिथे सांगतेही.

बुकगंगा या ऑनलाइन दुकानातून घेतलेली ई-पुस्तकं त्यांच्याच ॲपमध्ये उघडतात, किंडलवर जात नाहीत. तुमची खरेदी तिथली असेल तर अँड्रॉइडवाला रीडरच घ्यावा लागेल.

मोफत आणि कायदेशीर वाचायचं तर मराठी विकिस्रोत हे ऑनलाइन ग्रंथालय बघाच. तिथलं पुस्तक ई-पब स्वरूपात उतरवता येतं आणि ते लहान पडद्यावर छान बसतं. ई-साहित्य प्रतिष्ठान अनेक नव्या लेखकांची पुस्तकं विनामूल्य देतं, बहुतेक पीडीएफमध्ये. आपल्या कायद्यात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी कॉपीराइटचे हक्क संपतात. साने गुरुजींचं निधन १९५० साली झालं, त्यामुळे त्यांचं लेखन २०११ पासून सगळ्यांसाठी खुलं आहे. संतवाङ्मय तर आहेच, आणि पैठणपासून गंगाखेडपर्यंत ते याच मातीतून उगवलं. फक्त एखाद्याने अलीकडे लिहिलेली टीका, प्रस्तावना किंवा भाषांतर असेल तर त्यावर त्याचा वेगळा हक्क असतो. टेलिग्रामवर फिरणाऱ्या चोरीच्या फाइली घेऊ नका. मराठीत लेखकाला मिळतं ते मुळातच थोडं असतं.

माझ्याकडं पीडीएफचा ढीग आहे. तो चालेल?

लहान पडद्यावर पीडीएफ हा त्रासच आहे. पीडीएफमध्ये पानाचं माप पक्कं असतं, अक्षर मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर जाते. यंत्र आडवं करून, समास कापून काही पुस्तकं निभतात. दोन रकान्यांची, तक्त्यांची पानं सोडूनच द्या.

पीडीएफवरून ई-पब करून घेऊ म्हणाल, तर मराठीत त्यातही एक मेख आहे. छापखान्यात वर्षानुवर्षं श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये काम झालं. पानावर मराठी दिसतं, पण फाइलच्या पोटात वेगळीच चिन्हं असतात. रूपांतर केलं की अगम्य इंग्रजी अक्षरांची रांग मिळते. खात्री करायची तर पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपमध्ये चिकटवा. मराठी आली तर ठीक, नाही आली तर पानांच्या चित्रांवरून अक्षर ओळखून घ्यावं लागेल. गूगल ड्राइव्हमध्ये फाइल गूगल डॉक्स म्हणून उघडली की ते मराठीही ओळखतं. पण चुका राहतात, बसून तपासाव्या लागतात. एखाद्या जिवाभावाच्या पुस्तकासाठी एवढी मेहनत करावी, सगळ्या ढिगासाठी नाही.

केबलने फाइल टाकली, तरी किंडलवर पुस्तक दिसत नाही.

ती ई-पब असणार. केबलने टाकलेली ई-पब किंडल उघडत नाही. ॲमेझॉनच्या सेंड टू किंडल पानावरून पाठवली तर तिचं आपोआप रूपांतर होतं. नेटशिवाय करायचं तर संगणकावर कॅलिबर हे मोफत सॉफ्टवेअर ठेवा आणि एझेडडब्ल्यू३ या किंडलला चालणाऱ्या प्रकारात बदलून मग टाका. कॅलिबर कोविद गोयल यांनी २००६ मध्ये सुरू केलं, आजही मोफत आहे आणि ई-पुस्तकं वाचणाऱ्या प्रत्येकाने त्यांचे आभार मानावेत.

विकत घेतलेल्या पुस्तकांची फाइल संगणकावर उतरवून केबलने हलवायची सोय मात्र ॲमेझॉनने २६ फेब्रुवारी २०२५ पासून बंद केली. म्हणजे विकतची पुस्तकं वायफायनेच येणार. ज्यांच्या घरी वायफाय नाही, त्यांनी हॉटस्पॉटची सवय करून घ्यावी.

लेकरू लातूरला नीटच्या तयारीला आहे. हॉस्टेलवर मोबाइल नको म्हणून रीडर घेऊन द्यावा का?

अभ्यासासाठी नको. आकृत्या, समीकरणं, रंगीत चित्रं, दोन रकान्यांचे प्रश्नसंच, हे काहीही सहा इंचांच्या काळ्या-पांढऱ्या पडद्यावर धड दिसत नाही. बालभारतीची आणि एनसीईआरटीची पुस्तकं मोफत मिळतात ती पीडीएफच असतात. नोट्स छापून घ्या, तेवढ्या पैशात पुष्कळ पानं होतात.

झोपण्याआधी गोष्टीचं पुस्तक वाचायला म्हणून देत असाल तर जरूर द्या. त्या दोन वर्षांत लेकरं अवांतर वाचन पार सोडून देतात आणि मनाला विसावा राहत नाही. पण हॉस्टेलच्या नियमांत बसतं का ते आधी विचारा. आणि सिम नाही म्हणजे इंटरनेट अजिबात नाही असं समजू नका. किंडलमध्येही साधा ब्राउझर असतो आणि पाल्मा तर अँड्रॉइडच आहे, वायफाय मिळालं की त्यावर सगळी ॲप चालतात.

एमपीएससीसाठी?

पुस्तकं इतिहासाची, चरित्रांची सलग वाचायची असतील तर उपयोग आहे. खुणा करणं, तक्ते, नकाशे यांसाठी कागदच बरा.

रात्री दिसतं का?

पुढून उजेड देणारा रीडर असेल तर दिसतं. यात दिवे पडद्याच्या कडेला असतात, उजेड पानावर पसरतो, मोबाइलसारखा मागून डोळ्यांत घुसत नाही. रात्रपाळीच्या विजेवर मोटार सुरू करून शेतात बसणारे, दवाखान्यात रुग्णासोबत थांबलेले, स्लीपर डब्यात सगळे झोपल्यावर जागे असणारे, या सगळ्यांना हा दिवा लागतोच. एक्सटिंक एक्स-४ मध्ये दिवा नाही, हे ध्यानात ठेवा.

आमच्या उन्हाळ्यात टिकतो का?

किंडलच्या पुस्तिकेत वापरायचं तापमान ० ते ३५ अंश दिलेलं आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, म्हणजे भर दुपारी बाहेर आपण त्या मर्यादेच्या पुढेच असतो. थोडा वेळ उन्हात वाचायला हरकत नाही. उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर, दुचाकीच्या डिकीत किंवा पत्र्याच्या खोलीत खिडकीशी ठेवून जाऊ नका, बॅटरी फुगते. तापलेला असेल तर चार्जिंगलाही लावू नका.

लाइट गेली की?

काळजीच नाही. रोज थोडं वाचलं तरी बॅटरी कित्येक दिवस, वायफाय बंद ठेवलं तर कित्येक आठवडे जाते. मोबाइलच्या साध्या चार्जरवर चालतो.

खिशात फुटतो का?

हो, हा खरा धोका आहे. ई-इंकच्या पडद्याखाली बहुतेक रीडरमध्ये पातळ काच असते. वरून ओरखडाही दिसत नाही, आत काच तडकते आणि अर्ध्या पडद्यावर रेघा उमटतात. पॅन्टच्या मागच्या खिशात कधीही नको. एसटीत दाटीवाटीने उभं राहायचं असेल तर शर्टाच्या खिशातूनही काढून पिशवीत, वहीच्या मध्ये ठेवा. कडक कव्हर पहिल्या दिवशीच घ्या. पडदा बदलायचा खर्च यंत्राच्या किमतीच्या जवळ जातो आणि आपल्या जिल्ह्यांच्या ठिकाणी मोबाइल दुरुस्त करणारे बहुतेक जण याला हात लावत नाहीत.

पैसे वसूल होतात का?

सात इंची पेपरव्हाइट २०२५ मध्ये भारतात आला तेव्हा १६,९९९ रुपयांना होता. तेवढ्यात वाचनालयाची कित्येक वर्षांची वर्गणी भरते. त्यामुळे पैसे वाचवायला म्हणून घेऊ नका. महिन्याला दोन-तीन पुस्तकं वाचणारा, नोकरीसाठी रोज जाऊन-येऊन करणारा, अक्षर मोठं करून वाचावं लागणारा, अशांना तो उपयोगी पडतो. परदेशातून मागवायचा विचार असेल तर कस्टम ड्युटी आणि जीएसटी धरून हिशोब करा, आणि बिघडला तर परत पाठवणार कुठे, हेही आधीच ठरवा.

वडिलांना मोतीबिंदूनंतर बारीक अक्षर वाचवत नाही. त्यांना जमेल?

माझ्या मते सगळ्यांत जास्त आनंद अशाच वाचकांना मिळतो. अक्षर हवं तेवढं मोठं होतं, हात दुखेल असं वजन नाही. पण त्यांच्यासाठी खिशाचा हट्ट सोडा आणि सात इंची घ्या, मोठ्या अक्षरात ओळी तुटत नाहीत. पान उलटायला बटण असेल तर आणखी बरं, शेतात राबलेल्या बोटांचा स्पर्श पडद्याला नेहमी कळत नाही. पुस्तकं भरून द्यायचं काम मात्र घरातल्या कुणीतरी अंगावर घ्यावं. दिवाळीला आल्यावर दहा पुस्तकं टाकून दिली की उन्हाळ्यापर्यंत पुरतात.

वापरलेला घ्यायचा तर काय बघू?

आधीच्या मालकाने आपल्या खात्यातून तो काढला आहे का, हे पहिलं. खात्याला जोडलेला किंवा चोरीला गेल्याची नोंद झालेला किंडल तुम्हाला नोंदवता येणार नाही. समोर सुरू करायला सांगा, वायफायला जोडून बघा, पूर्ण पांढरं आणि पूर्ण काळं पान आणून कुठे रेघ किंवा ठिपका आहे का ते तपासा. दिवा अंधारात लावून बघा. मग वर दिलेली मराठी ओळ उघडा. चार्जिंगची पिन हलत असेल तर घेऊ नका. जुनी मायक्रो यूएसबी पिन असेल तर तिची एक चांगली केबल आत्ताच घेऊन ठेवा, दुकानांत ती मिळेनाशी होत चालली आहे.